विद्वानांचं गणित वर्गात येताना: अध्यापनरूपांतराचा अभ्यास टप्प्याटप्प्याने कसा करावा

शिक्षणशास्त्राचा प्रबंध असो की शिक्षकांनी मिळून हाती घेतलेलं कृतिसंशोधन, विद्यापीठातलं गणित शाळेत येताना कसं बदलतं या विषयावरचं बरंचसं काम एकाच जागी अडकतं. डाव्या रकान्यात विद्यापीठाच्या पुस्तकातली व्याख्या, उजव्या रकान्यात शालेय पुस्तकातली, आणि खाली निष्कर्ष: शालेय व्याख्या सोपी आहे, काटेकोरपणा कमी आहे. एवढं लिहिलं की काम झालं असं समजतात. खरं तर ते अजून सुरूच झालेलं नसतं, कारण व्याख्या वेगळ्या असणारच. काय बदललं, कोणासाठी बदललं आणि त्या बदलात कोणता प्रश्न हरवला, हे शोधायचं असतं.

फ्रेंच संशोधक इव्ह शव्हालार यांनी १९८० च्या दशकात या प्रवासाची मांडणी केली. ज्ञानाचे चार मुक्काम धरा: विद्वानांचं ज्ञान, शिकवायचं म्हणून ठरलेलं ज्ञान, वर्गात प्रत्यक्ष शिकवलेलं ज्ञान आणि विद्यार्थ्यांकडे उरलेलं ज्ञान. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतच्या बदलाला बाह्य रूपांतर म्हणतात, दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंतच्या बदलाला अंतर्गत रूपांतर. संपूर्ण प्रवासाला या लेखात मी ‘अध्यापनरूपांतर’ म्हणतो.

पद्धत कोरडी वाटू नये म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो: ऋण गुणिले ऋण बरोबर धन.

## तयारी: हाताशी काय हवं

तीन गोष्टी जमवा. त्या विषयाचं पदवी पातळीवरचं एक चांगलं पुस्तक. शालेय अभ्यासक्रमाचा मूळ मसुदा आणि त्यावर बेतलेलं पाठ्यपुस्तक, आधीच्या आणि नंतरच्या इयत्तांसह. आणि एक कोरी वही, कारण दुसऱ्या टप्प्यात तुम्हाला स्वतः गणितं सोडवायची आहेत.

वर्गनिरीक्षणाची परवानगी आणि विद्यार्थ्यांच्या वह्या पाहायची सोय यांचीही आत्ताच चौकशी करा. ही सोय होणार नसेल तर अभ्यास बाह्य रूपांतरापुरता ठेवा आणि शीर्षकातच तसं लिहा. वर्गात पाऊल न ठेवता ‘वर्गातलं ज्ञान’ असं शीर्षक देणारे प्रबंध मी वाचले आहेत. त्यांत बहुतेक वेळा पाठ्यपुस्तकालाच वर्ग समजलेलं असतं.

## टप्पा १. विषय कापून लहान करा

‘पूर्णांक संख्या’ हा विषय फार मोठा आहे. ‘ऋण संख्यांचा गुणाकार’ हा पेलतो. तोही नामाच्या रूपात ठेवू नका, कामांच्या रूपात लिहा: दोन ऋण संख्यांचा गुणाकार करणे, उत्तराचं चिन्ह ठरवणे, ते चिन्ह तसंच का हे पटवून देणे, कंस सोडवताना नियम वापरणे.

पुढचं सगळं विश्लेषण या यादीवर उभं राहतं. व्याख्यांची तुलना केली तर शब्दांतला फरक हाती लागतो. कामांची तुलना केली की मुलांकडून काय करून घेतलं जातं आणि काय कधीच करून घेतलं जात नाही, ते दिसतं.

तपासा: यादीत ‘का’ विचारणारं निदान एक काम आहे ना? नसेल तर यादी पाठ्यपुस्तकातून उतरवलेली आहे. पुन्हा करा.

## टप्पा २. विद्वानांचं ज्ञान स्वतः करून पाहा

सगळ्यांत जास्त घाई इथे होते, म्हणून इथे थांबून बोलतो. व्याख्या उतरवून घेणं म्हणजे ते ज्ञान समजणं नव्हे. पेन घ्या.

पहिला मार्ग: पूर्णांक संख्या नैसर्गिक संख्यांच्या क्रमित जोड्यांपासून रचतात. शून्यही नैसर्गिक संख्यांत धरू. जोडी (अ, ब) म्हणजे मनात ‘अ वजा ब’. अ + ड = ब + क असेल तर (अ, ब) आणि (क, ड) या जोड्या एकाच संख्येच्या मानायच्या. म्हणून (०, २), (१, ३) आणि (५, ७) या तिन्ही जोड्या −२ दाखवतात. गुणाकाराची व्याख्या अशी: (अ, ब) × (क, ड) = (अक + बड, अड + बक).

आता −२ साठी (१, ३) आणि −३ साठी (१, ४) घ्या. गुणाकार येतो (१ + १२, ४ + ३), म्हणजे (१३, ७), म्हणजे ६. मग (०, २) आणि (०, ३) घेऊन करा: (६, ०). तेही ६. कोणतीही जोडी घेतली तरी उत्तर तेच येतं, हे सर्वसाधारणपणे सिद्ध करून पाहा. त्याला अर्धा तास लागला तरी चालेल.

दुसरा मार्ग: संख्यांचे नियम गृहीत धरून सिद्धता.
(−२) × (−३) + (−२) × ३ = (−२) × (−३ + ३) = (−२) × ० = ०.
(−२) × ३ = −६ हे आधी मिळालेलं आहे. −६ मध्ये जे मिळवल्यावर शून्य येतं ते ६. म्हणून (−२) × (−३) = ६.

आता दोन्ही मार्गांकडे पुन्हा पाहा. पहिल्या मार्गातली गुणाकाराची ती विचित्र व्याख्या आली कुठून? (अ − ब)(क − ड) चा विस्तार करा, तीच मिळते. म्हणजे वितरणाचा नियम, अ × (ब + क) = अब + अक, टिकावा म्हणून व्याख्या तशी निवडली आहे. दुसऱ्या मार्गात तर वितरण उघडपणे वापरलं आहे. गणितज्ञांच्या दृष्टीने ‘ऋण गुणिले ऋण धन का?’ याचं उत्तर असं: नैसर्गिक संख्यांत चालत आलेले नियम नव्या संख्यांतही चालावेत अशी आपली इच्छा आहे, आणि ती पुरी करायची तर दुसरा पर्याय उरत नाही. हा एक *निर्णय* आहे, आणि त्याला भक्कम कारण आहे.

हे वाक्य वहीत ठळक लिहून ठेवा. पाठ्यपुस्तकात या निर्णयाचं काय होतं, ते चौथ्या टप्प्यात पाहू.

सावधान: विद्वानांचं ज्ञान एकच असतं असं मानू नका. इथेच दोन मार्ग निघाले. कोणता मार्ग संदर्भासाठी घेतला आणि का, हे लिहावंच लागतं.

सावधान: शिक्षक-प्रशिक्षणाच्या पुस्तकातली व्याख्या हे विद्वानांचं ज्ञान नाही. ती आधीच एकदा रूपांतरित झालेली असते.

## टप्पा ३. स्वतःचा संदर्भ-नकाशा काढा

पाठ्यपुस्तक अजून उघडू नका. दुसऱ्या टप्प्यातून जे हाती आलं त्याचा एका पानावर नकाशा काढा: हे ज्ञान कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, कशावर उभं आहे, यातून पुढे काय शक्य होतं. आपल्या उदाहरणात प्रश्न ‘नियम टिकवून संख्या कशा वाढवायच्या?’, पाया वितरण, क्रमनिरपेक्षता आणि विरुद्ध संख्या, पुढचा उपयोग बैजिक राशींचे कंस सोडवणे, समीकरणं, आलेख.

या परंपरेतल्या संशोधनात हा नकाशा हळूहळू केंद्रस्थानी आला, आणि त्यामागचं कारण साधं आहे. संशोधक स्वतः याच शाळांत शिकलेला असतो. स्वतःचा नकाशा नसला की तो नकळत पाठ्यपुस्तकाचीच मोजपट्टी घेऊन पाठ्यपुस्तक मोजतो. विद्यापीठाच्या पुस्तकाचीही मोजपट्टी करू नका. नकाशा दोघांच्या बाहेर उभा राहून काढायचा असतो, म्हणजे दोघांनाही प्रश्न विचारता येतात.

तपासा: नकाशा गणिताच्या एका आणि शाळेच्या एका शिक्षकाला दाखवा. दोघांनी निदान एकेक हरकत घेतली तर तो उपयोगाचा आहे.

## टप्पा ४. बाह्य रूपांतर: काय कापलं, काय हललं, काय नवं बनवलं

आता अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक उघडा, त्याच क्रमाने. अभ्यासक्रम ठरवणारे, पुस्तक लिहिणारे, परीक्षा काढणारे, पालक, गणितज्ञांच्या संघटना अशा सगळ्यांच्या ओढाताणीतून ‘शिकवायचं ज्ञान’ ठरतं. शव्हालार यांनी या वर्तुळाला नूस्फिअर असं नाव दिलं. शिक्षक त्या वर्तुळात फारसा नसतो, हे विसरू नका. पुस्तकातल्या निवडीबद्दल शिक्षकाला जबाबदार धरणारा निष्कर्ष म्हणूनच चुकतो.

पाठ्यपुस्तकातला प्रत्येक परिच्छेद चार खुणांपैकी एकीखाली टाका: तसाच आला, गाळला, जागा बदलली, शाळेसाठी नव्याने बनवला. चौथी खूण महत्त्वाची आहे आणि तीच सर्वांत कमी वापरली जाते. चिन्हांचा तक्ता, ‘वजा वजा अधिक’ हे घोषवाक्य, संख्यारेषेवर तोंड फिरवून मागे चालणारा माणूस, या गोष्टी गणितज्ञांच्या जगात नाहीत. शाळेने त्या स्वतःसाठी घडवल्या.

उदाहरणावर लावून पाहू. शालेय पुस्तकांत ऋण × ऋण साठी बहुधा दोन वाटा दिसतात. एक आकृतिबंधाची:

३ × (−२) = −६
२ × (−२) = −४
१ × (−२) = −२
० × (−२) = ०
म्हणून (−१) × (−२) = २.

उत्तर दर वेळी २ ने वाढतंय, तसंच पुढे वाढू द्यायचं. हे पटतं, पण ‘तसंच पुढे’ कशाच्या बळावर? प्रत्येक पायरीवर गुणक एकाने कमी झाला की एक (−२) वजा होतो, म्हणजे २ मिळवले जातात. हाच वितरणाचा नियम आहे, फक्त नाव न घेता वापरलेला. पाया गाळलेला नाही, झाकलेला आहे. विश्लेषणात या दोन गोष्टी वेगळ्या लिहा.

दुसरी वाट परिस्थितीची. टाकीतल्या पाण्याची पातळी दर मिनिटाला २ एककांनी उतरते, तर ३ मिनिटांपूर्वी ती आताच्या तुलनेत किती होती? ६ एककांनी वर. (−२) × (−३) = ६. हे चालतं, कारण एक संख्या दर आहे आणि दुसरी वेळ. कर्जाचं उदाहरण मात्र इथे टिकत नाही. ऋण संख्यांच्या बेरजेत कर्ज उत्तम काम करतं, पण कर्ज गुणिले कर्ज याला काही अर्थ नाही. बेरजेसाठी वापरलेलं प्रतिमान गुणाकारात गुपचूप सोडून दिलं जातं, आणि ते सोडल्याचं विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही.

दोन्ही वाटांवर काय झालं ते पाहा. दुसऱ्या टप्प्यात जो निर्णय होता, तो पुस्तकात जगाबद्दलचं सत्य होऊन बसला. पाणी तसं वागतं, आकृतिबंध तसा चालतो, म्हणून नियम तसा. ‘आपण नियम टिकवायचं ठरवलं’ हे वाक्य कुठेही नाही. या संकल्पनेच्या बाह्य रूपांतरातला सर्वांत मोठा बदल मला हाच वाटतो, आणि व्याख्यांच्या दोन रकान्यांत तो कधीच दिसला नसता.

संकल्पनेचं नाव कायम राहून प्रश्न हरवणं ही या क्षेत्राची जुनी ओळख आहे. शव्हालार आणि मारी-अल्बेर्त जोसुआ यांनी ‘अंतर’ या संकल्पनेचा असाच माग काढला. फ्रेंच गणितज्ञ मोरिस फ्रेशे यांनी १९०६ मध्ये अमूर्त अंतराची कल्पना मांडली ती फलांसारख्या (फंक्शन) गणिती वस्तू एकमेकींच्या किती जवळ आहेत हे बोलता यावं म्हणून. १९७० च्या दशकात ती फ्रान्सच्या शालेय अभ्यासक्रमात आली ती रेषेवरच्या बिंदूंपुरती. शब्द आणि गुणधर्म पोहोचले, पण ज्यासाठी त्यांची गरज पडली होती ते काम मागेच राहिलं.

सावधान: ‘गाळलं’ म्हणजे ‘चुकलं’ असं लिहू नका. क्रमित जोड्या शाळेत न आणणं हा शहाणपणाचा निर्णय आहे. गाळल्यामुळे कोणतं काम अशक्य झालं, तेवढंच लिहा.

## टप्पा ५. प्रत्येक काम चार कप्प्यांत भरा

पहिल्या टप्प्यातली यादी काढा. प्रत्येक कामासाठी: कामाचा प्रकार, ते करण्याची रीत, ती रीत का चालते याचं स्पष्टीकरण, आणि त्या स्पष्टीकरणाला आधार देणारा सिद्धांत. शव्हालार यांच्या नंतरच्या मांडणीत या चौकटीला प्राक्सिऑलॉजी म्हणतात.

‘(−४) × (−६) काढा’ यासाठी: रीत म्हणजे चिन्हाचा तक्ता पाहा आणि अंकांचा गुणाकार करा. स्पष्टीकरणाच्या कप्प्यात शालेय पुस्तकात बहुतेक आकृतिबंध सापडेल. सिद्धांताचा कप्पा रिकामा राहील. तो ओढूनताणून भरू नका; रिकामा कप्पा हीच तुमची नोंद आहे.

पुढच्या इयत्तांची पुस्तकंही याच कप्प्यांतून काढा. वितरणाचा नियम नंतर नावानिशी येतो, तेव्हा त्याच्या आधारे ऋण × ऋण कडे परत वळून पाहिलं जातं का? वळलं नाही तर तो कप्पा कायमचा रिकामा राहतो, आणि नियम आयुष्यभर घोषवाक्यच राहतो.

## टप्पा ६. वर्गात जा

निदान सलग तीन तास पाहा. एकाच तासात आकृतिबंध दिसेल, त्याचं पुढे काय झालं ते दिसणार नाही. संवाद शब्दशः लिहून घ्या, विशेषतः मुलाने ‘का’ विचारल्यानंतरची दोन मिनिटं.

दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. एक, वेळ. पुस्तकात अर्धं पान असलेला आकृतिबंध फळ्यावर एका मिनिटात संपतो आणि सरावाची गणितं उरलेला तास घेतात, तेव्हा शिकवलेलं ज्ञान म्हणजे सरावच झालेला असतो. दुसरी, इशारे. उत्तर यावं म्हणून शिक्षक प्रश्न इतका सोपा करत जातात की शेवटी मुलाला फक्त ‘अधिक’ एवढंच म्हणायचं उरतं. गणितशिक्षणाचे फ्रेंच संशोधक गी ब्रूसो यांनी या प्रकाराला टोपाझ परिणाम म्हटलं आहे. उत्तर बरोबर येतं, पण ज्या ज्ञानातून ते यायला हवं होतं ते वर्गात आलेलंच नसतं.

इथे शिक्षकाला न्याय द्या. वेळापत्रक, परीक्षा, वर्गातली मुलांची संख्या यांचा दाब त्याच्यावर असतो. निरीक्षणानंतर त्याच्याशी बोला, ‘हे असं का केलं?’ हे विचारा आणि उत्तर जसंच्या तसं नोंदवा. अंतर्गत रूपांतराची खरी कारणं तिथेच सापडतात.

## टप्पा ७. विद्यार्थ्यांकडे काय उरलं ते मोजा

(−४) × (−६) विचारू नका. त्याचं उत्तर बहुतेकांना येतं आणि त्यातून काही कळत नाही. नियमाच्या कडांवरचे प्रश्न द्या:

- −५ − ३ = ?
- ४ − (−६) = ?
- (−३)² आणि −३² यांत फरक आहे का?
- (−२) × (−३) = ६ का? चित्र, गोष्ट किंवा गणित, कसंही सांगा.

पहिला प्रश्न सर्वांत बोलका आहे. ८ असं उत्तर आलं तर ‘वजा वजा अधिक’ गुणाकारातून बेरजेत शिरलं आहे. ही चूक निष्काळजीपणाची म्हणून सोडू नका. शाळेने बनवलेल्या घोषवाक्यात ‘गुणाकार’ हा शब्दच नाही. मुलाने ते जसं मिळालं तसं वापरलं. चुकीचा माग काढत मागे गेलात तर चौथ्या टप्प्यातल्या नोंदीवर येऊन पोहोचता, आणि अभ्यासाचे धागे इथे जुळतात.

तपासा: प्रत्येक वारंवार येणारी चूक एखाद्या रूपांतराशी जोडता येते का? जी जोडता येत नाही ती वेगळी ठेवा, तिला जबरदस्तीने कारण चिकटवू नका.

## टप्पा ८. आता संशोधनाचा प्रवाह निवडा

बहुतेक जण हे सर्वांत आधी करतात आणि मग सिद्धांताच्या साच्यात नोंदी कोंबतात. तुमच्या नोंदी कशाबद्दल बोलतात ते पाहून निवडा.

नोंदी संस्थांच्या निवडींबद्दल असतील, तर शव्हालार यांची परंपरा. अलीकडच्या काळात ती तयार उत्तरं दाखवण्याऐवजी प्रश्नापासून सुरुवात करून ज्ञान शोधत जाणाऱ्या अभ्यासमार्गांकडे वळली आहे. मुलांच्या अडथळ्यांबद्दल आणि वर्गातल्या परिस्थितीबद्दल असतील, तर ब्रूसो यांची. व्याख्या एक आणि मनातली प्रतिमा दुसरी, असं दिसत असेल तर डेव्हिड टॉल आणि श्लोमो विनर यांचं १९८१ चं काम. शिक्षकाला नेमकं कोणतं गणित लागतं यावर असतील, तर ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या आणि डेबोरा बॉल व सहकाऱ्यांनी गणितासाठी वाढवलेल्या मांडणीकडे जा. विद्यापीठात शिकलेलं गणित शिक्षक झाल्यावर वापरता येत नाही, ही जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी १९०८ मध्ये मांडलेली तक्रार अजूनही संशोधनाचा जिवंत प्रश्न आहे. संगणकावर आणल्यावर ज्ञानाचं रूप आणखी एकदा बदलतं. त्याच्या अभ्यासाची वेगळी शाखा आहे.

दोन प्रवाह एकत्र करायचे असतील तर त्यांची गृहीतकं जुळतात का ते आधी पाहा. एक संस्थेकडे पाहतो, दुसरा एकेका मुलाच्या मनाकडे. दोन्हींची परिभाषा एका वाक्यात मिसळली की वाक्य शास्त्रीय वाटतं आणि अर्थ निसटतो.

## टप्पा ९. सुचवायचं असेल तर एवढंच सुचवा

शिफारशींच्या प्रकरणात ‘कृतींतून शिकवावं’ असं लिहू नका. रिकाम्या सापडलेल्या एका कप्प्यासाठी एक काम रचा. आपल्या उदाहरणात सिद्धांताचा कप्पा रिकामा होता, म्हणून वर्गाला असं विचारता येईल: समजा (−१) × (−१) = −१ असं ठरवलं, तर काय बिघडेल?

मुलं आधी ‘काहीच नाही’ म्हणतील. मग (−१) × (१ + (−१)) दोन प्रकारे काढायला सांगा. कंसाची बेरीज आधी केली तर ०. वितरणाने काढलं तर −१ आणि −१, म्हणजे −२. शून्य आणि −२ एकच झाले! आता काय सोडायचं ते त्यांना ठरवू द्या: वितरणाचा नियम, की आपण ठरवलेलं उत्तर.

हे काम क्रमित जोड्यांशिवाय, सिद्धतेच्या भाषेशिवाय, एका तासात करता येतं. ते कोणत्या इयत्तेत ठेवायचं, त्याआधी वितरण नावानिशी आलेलं असायला हवं का, आणि वर्गात करून पाहिल्यावर सातव्या टप्प्यातल्या पहिल्या प्रश्नाची उत्तरं बदलतात का, एवढ्याच नोंदी जोडा. उत्तरं बदलली नाहीत तर तेही त्याच ठळकपणे लिहा.